कड्यावरची टाळी

"मग आज निघू ना, बाबा?"

सोमगीरबाबांनी कड्याच्या टोकाशी घोंगडी अंथरली. मग शेजारची जागा हाताने झाडली.

केदारगीर नाइलाजाने बसला. नदीपलीकडच्या गावाने नवा मठ बांधला होता आणि गादीवर बसायला त्यालाच बोलावलं होतं. दुपारी जीप येणार होती. आज गेला नाही तर गादी दुसऱ्याची. पण गुरूने हातावर नारळ ठेवल्याशिवाय शिष्याने निघायचं नाही, ही त्यांच्या मठीची रीत. आणि बाबा नारळाचं नावच काढत नव्हते. प्रवचनाला माणसं आता आपल्यासाठी येतात, म्हाताऱ्यासाठी नाही, असं केदारगीरच्या मनाने केव्हाच घेतलं होतं. म्हणून हा उशीर त्याला जास्त झोंबत होता.

चैत्रातला हा एक दिवस बाबांचा ठरलेला. हिवाळ्यात इकडे आलेले गरुड याच कड्यावरून उत्तरेला परततात, आणि बाबा दिवसभर ते बघत बसतात.

खाली उतारावर, पानं झडलेल्या सावरींवर, गरुड अंग फुगवून बसले होते. सूर्य वर आला तरी एकही हलेना.

"उडणार कधी हे?"

"उडतील…"

"कुणीतरी सांगायला हवं त्यांना," केदारगीर हसत म्हणाला, आणि त्याने खणखणीत टाळी वाजवली.

अगदी जवळच्या झाडावरचा एक गरुड दचकून उठला. बिचाऱ्याने धपाधप पंख मारले, पण त्या गार हवेत त्याला वर जाता येईना. तो दरीत खाली खाली जात राहिला आणि तळाशी भाताच्या रिकाम्या खाचरात टेकला. लगेच कावळे जमले.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी केदारगीरचा तळवा धरला आणि खडकावर ठेवला. खडक गार होता.

…

तोच खडक चटका देऊ लागला, तेव्हा उरलेले गरुड एकेक करून सुटले. पंख न हलवता, गोल फिरत फिरत ते वर चढले, ठिपक्याएवढे झाले आणि उत्तरेकडे घसरत निघून गेले. एवढं सोपं होतं ते.

केदारगीरला मात्र ते धड बघवेना. खाली खाचरातला गरुड पंख उघडू लागला की कावळे त्याच्यावर तुटून पडत होते. शेवटी तो मान खाली घालून बसला. केदारगीरला स्वतःची लाज वाटली. तो उठला, बाबांची काठी घेतली आणि उतरणीला लागला.

दुपारभर डोक्यावरून आणखी पाखरं जात राहिली. केदारगीर लांबच्या बांधावर बसून कावळे हाकत होता. गरुडाजवळ जावंसं त्याला फार वाटे, पण तो पुढे सरकला नाही.

सांजावताना तो वर आला.

"मागे राहिला तो, बाबा. माझ्यामुळे. ऊन उतरल्यावर कसाबसा झाडावर जाऊन बसलाय. उद्या ऊन तापेपर्यंत मी खालीच थांबतो. कावळे सोडायचे नाहीत त्याला."

"जीप येऊन गेली," बाबा म्हणाले. "थांबा म्हटलं, थांबली नाही."

केदारगीर उभाच राहिला. दिवसभरात त्याला गादी एकदाही आठवली नव्हती. आता आठवली.

बाबांनी घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. मग झोळीत हात घातला, नारळ काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो सकाळपासून झोळीतच होता.

"आता कशाला, बाबा? कुठे जाऊ?"

बाबांनी खालच्या झाडाकडे पाहिलं…

"तो उडाला की तूही नीघ. टाळी मी वाजवणार नाही."