कुंदावतीने लिहिलेल्या तीन भेटी

एका राज्यात वधूवरांची पहिली भेट कुणी नशिबावर सोडत नसे. ती आधी लिहून घेत. त्यासाठी दरबारी भेटलेखक असे. कोण कुठून येणार, कुणाच्या हातून काय पडणार, आधी कोण लाजणार, हे सारे तो लिही आणि भेटीच्या वेळी पडद्याआड बसून दोघांना हळूच वाक्ये पुरवी. त्याला बंधन एकच. भेट चालू असता पडद्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. टाकले, की त्याच्या लेखणीतली शाई जन्माची आटे.

आपल्या गोष्टीच्या वेळी हे काम कुंदावती नावाच्या तरुणीकडे होते. बाई बुद्धीने तल्लख, पण भारी हट्टी. एक शब्द बदला म्हटले, तर दोन दिवस अबोला धरी.

त्याच राज्यात कंकाळनाथ नावाचा मांत्रिक होता. त्याने म्हणे स्वतःची भेट स्वतःच लिहिली आणि राजाच्या बागेत ती करायला गेला. ऐन प्रेमाच्या वाक्याला पाय घसरून तो हौदात पडला. मुलगी पळाली. महाराज पोट धरधरून हसले. मांत्रिक निथळत वर आला आणि त्याने बागेच्या कमानीवर एक दगडी मैना बसवली.

“हसलात ना, महाराज? आता हिला हसवा,” तो म्हणाला. “तुमचा पुत्र आजपासून पायांकडून दगड होत जाईल. ही मैना तीन दिवस, रोज चौथ्या प्रहरी, डोळे उघडेल. राजपुत्राची कुणा कन्येशी पहिली भेट होताना ती हसली, तर तो सुटेल. नाही हसली, तर तिसऱ्या सूर्यास्ताला तुमच्या बागेत एक पुतळा वाढेल.”

राजपुत्र मकरंदसेन कमानीखालीच उभा होता. त्याने पाऊल उचलू पाहिले. ते उचलले गेले नाही.

महाराजांनी कुंदावतीला बोलावले. “मुली, माझं पोर आता तुझ्या हाती.”

“महाराज, माझ्या भेटीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत,” ती म्हणाली. म्हणताना तिची मान जरा जास्तच ताठ होती.

पहिल्या दिवशी समुद्रापलीकडची राजकन्या आली. हत्तीने तिला सोंडेने अलगद उचलून राजपुत्राच्या हातांत ठेवले.

“मला सोडा,” राजकन्या म्हणाली.

“सोडण्यासाठी का धरलंय?” राजपुत्र म्हणाला.

दरबारी वाहवा करू लागले. मैनेने डोळे उघडले. “मागच्या राजवटीत घोडा होता,” ती म्हणाली, “आता हत्ती आहे.” आणि तिने डोळे मिटले. दगड कमरेपर्यंत चढला.

पडद्याआडच्या बाईला राजपुत्राने कधी पाहिले नव्हते. तरी सगळे रडत निघून गेल्यावर तो पडद्याकडे पाहून म्हणाला, “पडद्यातल्या बाई, वाक्य छान होतं. मलाच नीट म्हणता आलं नाही.”

कुंदावतीने ते वाक्य कागदावरून खोडून टाकले. 

दुसऱ्या दिवशी डोंगरांच्या देशाची राजकन्या ज्योतिषिणीच्या वेषात आली आणि राजपुत्राचा हात पाहू लागली.

“तुमच्या नशिबी राजकन्या आहे.”

“तिला ओळखू कसं?”

“तिनं तुमचा हात धरलेला असेल.”

मैना म्हणाली, “पाठांतर उत्तम. दोघांचंही.” त्याच क्षणी राजकन्येच्या हातातला तो हात गार पडला, जड झाला, दगडाचा झाला. ती किंचाळली. दगड छातीपर्यंत आला.

आजही राजपुत्र पडद्याशी बोलला. “बाई, जेवलात का? दोन दिवस तुम्हीही इथंच आहात.”

त्या संध्याकाळी कुंदावतीला कळून चुकले, की आपला जीव या माणसात गुंतला आहे. दुसऱ्यांची प्रेमे तिने शेकड्यांनी लिहिली होती. आता मात्र कशीबशी एक भेट कागदावर उतरली. तिला ती मुळीच आवडली नव्हती, पण वेळ उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कुणीही राजकन्या यायला तयार होईना. शेवटी माळ्याची लेक कबूल झाली. तिने घडा घेऊन यायचे होते आणि वाट चुकल्याचे सांगायचे होते. ती आली, गळ्यापर्यंत दगड झालेला राजपुत्र तिने पाहिला, घडा टाकला आणि जी पळाली ती घरीच जाऊन थांबली.

मैनेचे डोळे उघडे होते. सूर्य टेकडीला लागला होता. बागेत कुणी श्वास घेत नव्हते.

राजपुत्राला मान वळवता येत नव्हती. समोर कुणी नाही हे त्याला दिसत होते. तरी कुणाची मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्याने आपले वाक्य सुरू केले. “हे कोमलांगी, तुझ्या घड्यात हा सूर्य उतरला…”

“चंद्र!” पडद्याआडून आवाज आला.

“हा चंद्र उतरला, की सूर्य…”

दगड हनुवटीला भिडला.

“चंद्र, चंद्र! आणि म्हणताय कुणाला? ती गेली पळून!”

कुंदावती बागेच्या मधोमध उभी होती. अर्धा पडदा पायांत अडकून आला होता, हातात कागद होते, नाकाला शाई होती. आपण काय करून बसलो हे तिला उभे राहिल्यावर समजले. आता माघारी जाण्यात अर्थ नव्हता.

“आपण कोण?” राजपुत्राने विचारले.

“मी…” ती म्हणाली. साऱ्या राज्याला वाक्ये पुरवणाऱ्या बाईला पुढचा शब्द सुचेना. सूर्याची कोर तेवढी उरली होती. दगड खालच्या ओठाला लागला.

तेव्हा राजपुत्र अगदी हळू, तिच्यासारखाच, कुजबुजला, “‘मी वाट चुकले’ म्हणा.”

“मी नाही म्हणणार! भिकार वाक्य आहे.”

“तुमचंच आहे.”

“म्हणूनच सांगतेय!”

कमानीवर काहीतरी खरखरले. मैनेने पंख झटकले, चोच उघडली आणि ती हसली. आधी दगडासारखी हसली, मग पाखरासारखी. हसत हसत उडाली आणि आंब्याच्या झाडात दिसेनाशी झाली. राजपुत्राच्या अंगावरचा दगड खपल्या खपल्यांनी गळून पडला.

शेवट पाहायला आलेला कंकाळनाथ कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. महाराज त्याच्यापुढे गेले. “मी हसायला नको होतं,” ते म्हणाले. मांत्रिकाचा राग निवला आणि तो आपल्या वाटेने निघून गेला.

कुंदावतीने सवयीने लेखणी काढली, दौतीत बुडवली, कागदावर टेकवली. कागद कोराच राहिला. तिला रडू आले, आणि तिने ते लपवले नाही.

मकरंदसेन लटपटत तिच्यापुढे आला. “बाई, आता मी काय म्हणायचं?”

“पुढचं लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “आता लिहिताही येणार नाही.”

राजपुत्राने बराच विचार केला. सारा दरबार कान टवकारून होता.

“मला फार भूक लागली आहे,” तो म्हणाला.

असले वाक्य तिने जन्मात लिहिले नसते. ती रडता रडता हसली आणि त्याला हाताला धरून मुदपाकखान्याकडे घेऊन गेली.