आग्नेस विणकरणीची अंत्ययात्रा

फार पूर्वीची गोष्ट. दूरदेशी, तटबंदीच्या आत वसलेल्या एका शहरात एक पाद्री होता. त्याचे चर्च दगडी, उंच मनोऱ्याचे. शहरातली बारशी, लग्ने, मर्तिके सगळी त्याच्याच हातून होत.

पुढे तिथे भिक्षा मागून जगणारे अनवाणी साधू आले. त्यांनी वेशीजवळ कोठारासारखे साधे चर्च बांधले. ते बाजारात उभे राहून लोकांच्या बोलीत देवाच्या गोष्टी सांगत. बघता बघता सगळे शहर तिकडे लोटू लागले. पाद्र्याच्या चर्चमध्ये आता त्याचाच आवाज घुमून त्याच्याकडे परत येई.

पाद्र्याच्या पोटात दुखू लागले. साधूंकडून हसण्याचा आवाज आला की तो खिडक्या लावून घेई. "पायांची धूळ झटकत नाहीत, आणि म्हणे धर्म शिकवतात," असे तो भेटेल त्याला ऐकवी. "माझी माणसं पळवली त्यांनी."

एके दिवशी आग्नेस नावाची विणकरीण वारली. आपल्याला साधूंच्या अंगणात पुरावे, अशी तिची इच्छा होती. अंत्ययात्रा वेशीकडे निघाली, तेव्हा पाद्री रस्त्यात आडवा उभा राहिला.

"ही बाई माझ्या वस्तीतली. हिचा विधी माझ्याच चर्चमध्ये होईल."

लोक चिडले. आग्नेसच्या लेकीला रडू फुटले. तेव्हा एक म्हातारा साधू तिला म्हणाला, "बाळ, तिच्यावरून भांडण नको. पाद्रीबाबांकडे नेऊ." त्याने स्वतः शवपेटीला खांदा दिला.

त्या दिवशी कित्येक वर्षांनी ते मोठे चर्च भरले. साधू मागे दाराशी उभा आहे, हे पाहून पाद्री मनातून सुखावला. प्रार्थना झाल्या. आता आग्नेसविषयी दोन शब्द बोलायचे होते. त्याने तोंड उघडले, पण काय बोलावे सुचेना. ती हसरी होती की अबोल? त्याला काहीच ठाऊक नव्हते. तिच्या दारात तो कधी गेलाच नव्हता. लेक त्याच्याकडे बघत होती.

शेवटी त्याने मान खाली घातली. "तुम्ही बोला," तो साधूला म्हणाला. "मला ही बाई माहीत नाही. आणि तिला तुमच्याच अंगणात पुरा."

साधू बोलला. नवरा गेल्यावर आग्नेसचा माग कसा महिनोन्‌महिने बंद होता, तरी आजारी शेजारणीकडे ती पेज कशी पोचवी, हे त्याने तिच्या दारी भाकरी मागताना पाहिले होते. ऐकता ऐकता पाद्र्याचेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विणकरांच्या गल्लीत जाऊन आग्नेसच्या दारात उभा राहिला.

"काय हवंय, पाद्रीबाबा?" लेकीने विचारले.

"काही नको, बाळ," तो म्हणाला. "तुझं नाव विचारायला आलोय."

या गोष्टीचे तात्पर्य: माणसे आपली म्हणायची असतील, तर आधी त्यांच्या दारापर्यंत चालत जावे लागते.