बिनसावलीचा दगड

कुंभेरीच्या तळ्यापाशी चहूकडे गर्द झाडी आहे. मधला काळा, बसका दगड तेवढा उन्हात रखरखतो. गावचा कारभार हाती घेणाऱ्याने चैत्रातल्या भर दुपारी अनवाणी त्यावर बसायचं आणि ज्याची तक्रार असेल त्याची ऐकून घ्यायची, अशी इथली रीत.

"पूर्वीचे राज्यकर्तेच वेगळे. देवमाणसं," ही रीत ऐकून शहरातून आलेल्या एक पाहुण्या बाई म्हणाल्या आणि गावचे गुरव सोनबा चुळबुळू लागले. हे वाक्य ऐकलं की म्हाताऱ्याला एका जागी उभं राहवत नाही. काठी आपटत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

तेव्हा या दगडावर भल्यामोठ्या पिंपळाची सावली असे म्हणे. गावचा कारभार पाहणारे देसाई तिथे बसून निवाडे करत आणि गाव समोर उन्हात उभं. देसाई काही दुष्ट नव्हते. देवधर्म करणारे, गोड बोलणारे होते. पण सावलीत बसलेल्याला घाई कसली? भिवाई धनगरणीची मेंढरं त्यांच्या माणसांनी कोंडवाड्यात घातली होती. आत मेंढरं पाण्यावाचून तडफडत आणि ही रोज येऊन उभी राही. रोज एकच उत्तर: उद्या बघू. शेवटी कोंडवाडा उघडला, तेव्हा एकही मेंढरू उठलं नाही. भिवाई रडली-ओरडली नाही, असं सांगतात. देसायांना एवढंच म्हणाली, "तुमच्या सावलीनं माझी मेंढरं खाल्ली."

त्याच उन्हाळ्यात हिरवागार पिंपळ उभाच्या उभा वाळला. कुणी म्हणतं देसायांना पश्चात्ताप झाला, कुणी म्हणतं ते भ्याले. सोनबांना विचाराल तर भ्यालेच. काही असो, ते उघड्या दगडावर येऊन बसले आणि वर्षानुवर्षं रखडलेले तंटे उन्हं कलायच्या आत मिटले.

"देवमाणसं असती, तर ह्यो दगड कशाला लागला असता, ताई?"

बोलता बोलता सोनबा वाकले आणि दगडाच्या फटीतलं पिंपळाचं कोवळं रोप त्यांनी मुळासकट उपटलं. बाई दचकल्या. पिंपळ उपटणं म्हणजे पाप, तेही गुरवाच्या हातून!

"पाप हायच," सोनबा म्हणाले. "म्हणून तर दुसरं कुणी करत न्हाई."

आजही त्या फटीत कुणी न लावता पिंपळ उगवतो; आजही गुरवाच्या घरचं कुणीतरी तो उपटतं आणि देवळात जाऊन माफी मागतं. यंदा चैत्र सरत आला, तरी नवा सरपंच अजून दगडावर बसलेला नाही. विचारलं की म्हणतो, उद्या बसू.