भट्टीतला काळा दोर

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवाल? दाराशी आज आलेल्या अनोळख्यावर, की वर्षानुवर्षे घरात मुरलेल्या ओळखीच्यावर? उत्तराची घाई करू नका. आम्ही दुकानदार माणसं नेमके इथेच फसतो.

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन एका नुकत्याच वारलेल्या चुरमुरे भट्टीवाल्याच्या घरी सांत्वनाला गेले. भट्टीवाला औषधाला शिष्याकडेच येत असे. भुशाच्या धुराने त्याची फुप्फुसे कधीचीच पोखरली होती. तसे त्या आळीत खोकल्याला आजार म्हणतच नसत. सोयरीक जुळवतानासुद्धा थट्टेने विचारत, "पोरगा खोकतो ना? मग भट्टीवर टिकून बसतोय म्हणायचा!"

"दम्यानं नेलं हो त्यांना," विधवा म्हणाली.

"जुनाच दमा होता," शिष्य हलकेच म्हणाला. पण बोलता बोलता त्याला त्या माणसाची शेवटची भेट आठवली. "धाकटे वैद्य, हल्ली पोतं घेऊन माळ्यावर चढलो की जबडा आवळून येतो. डावा खांदाही धरतो. खाली टेकलो की बरं वाटतं." शिष्य हसून म्हणाला होता, "काका, दम लागल्यावर माणूस दातओठ आवळणारच की!" आणि त्याने काढा वाढवून दिला होता. पुढे एका सकाळी भट्टीवाला पाठीवरच्या पोत्यासकट कोसळला.

वैद्य उठून शेजारच्या भट्टीत गेले. मयताचा धाकटा भाऊ तिथे खोकत खोकत वजनाच्या काट्याखाली बसला होता. आढ्याला काथ्याच्या दोराने मोठा काटा टांगलेला होता.

"जरा बाजूला हो, बाळ," वैद्य म्हणाले, आणि शिष्याला म्हणाले, "एक पोतं चढव काट्यावर."

दुखवट्याच्या घरी हे काय भलतेच! शिष्य ओशाळला, पण त्याने पोते चढवले. दोर कट्‌कन तुटला. काटा आणि पोते जमिनीवर आदळले, अगदी धाकटा बसला होता तिथे.

"अहो वैद्यबुवा!" धाकटा पांढराफटक पडला. "काल बरा होता की दोर!"

"काल काळा होता," वैद्य म्हणाले. त्यांनी तुटके टोक चुरगाळले, तशी तळहातावर नुसती राख उरली. "इथे भिंत काळी, आढे काळे, माणसेही काळी. त्यात दोराचा काळेपणा कोण वेगळा पाहणार? पण जो धूर भिंतीवर बसला, तोच दोराच्या पोटातही शिरला. धूर फुप्फुसापाशी थांबत नाही रे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही तोच झिजवतो. ज्याची फुप्फुसे जळाली, त्याचे हृदय आधी तपासायचे. आपण मात्र छातीतली प्रत्येक तक्रार दम्याच्या नावावर मांडतो. दमा ओळखीचा ना! त्याला कोणी जाब विचारत नाही."

शिष्य धाकट्यासमोर जाऊन बसला.

"दादा, खोकला राहू द्या. चढ चढताना छातीवर दाब येतो? जबड्यात, हातात कळ?"

धाकटा डाव्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "येते. पण धाकटे वैद्य, तो दमच असणार. भावालाही हेच व्हायचं."

दारात उभ्या भावजयीच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली.

"आत्ता शहरात चला. हृदय तपासून घेऊ," शिष्य म्हणाला.

"दिवाळी तोंडावर आलीय! भट्टी थंड ठेवून कसं चालेल?"

"भट्टी पुन्हा पेटते, भावजी," ती म्हणाली, आणि तिने पाण्याचा हंडा उचलून भट्टीच्या तोंडात रिकामा केला.

शिष्य त्याला धरून सावकाश रस्त्याला लागला. आता तो त्याचा खोकला ऐकत नव्हता. हात छातीकडे जातो का, ते पाहत होता.

मंडळी, एकाचे येणे दुसऱ्याच्या नावे मांडले की पेढी बुडते, हे मी धंद्यात शिकलो. श्वासाचा रोग घरात असेल, तर हृदयाचे पान निराळे उघडा. आणि तो हिशेब प्रामाणिकपणे ठेवा, एवढीच विनंती.