भिंतीवरचा फेर

एकदा काय झालं, डोंगराखालच्या एका पाड्यात रेवलीचं लग्न निघालं. तिची थोरली बहीण जिवी भिंतीवर लग्नाचा चौक काढायला बसली. चौक काढल्याशिवाय तिथं लग्न लागत नाही, बरं का. रंग दोनच. भिंत गेरूनं सारवलेली तांबडी, आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिवीनं बांबूची काडी चावून मऊ केली, पिठात बुडवली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले, की झालं अंग. वर एक गोल, ते डोकं. चार रेघा, ते हातपाय. झाला माणूस.

मग तिनं नाचणाऱ्यांचा फेर काढला. मधे तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, वाजवणारा. फेर कधी पुरा जोडायचा नाही, तोंड मोकळं ठेवायचं, अशी तिथली रीत. पण जिवीच्या मनात आलं, वाट मोकळी राहिली की माणूस जातो. उद्या माझी रेवली जाईल. मग तिनं हळूच शेवटच्या बाईचा हात पहिलीच्या हातात दिला. फेर बंद.

आणि भिंतीतला तारपा वाजायला लागला! चित्रातली माणसं नाचू लागली. मग अंगणातले वऱ्हाडी नाचू लागले. मग नवरा-नवरीही. एक जिवी सोडली, तर थांबता कुणालाच येईना.

नवरा म्हणाला, "जिवीबाय, माझी हळद वाळून गळायला लागली. लग्न कधी लागायचं?"

जिवीनं भिंतीपुढं भात ठेवला. नाच थांबेना. मग हात जोडले. तरी थांबेना. मग ती लग्न लावणाऱ्या मथीआजीकडे धावली. आजीही नाचतच होती.

"पोरी, माझे गुडघे गेले. फेर बंद केलास ना?"

"सोडला तर रेवली जाईल, आजी."

"जाईल तर. पण बंद फेरात माहेरी यायचं तरी कुठून, सांग बरं?"

मग जिवीनं अंगठा ओला केला आणि चित्रातले ते दोन हात जिथं जुळले होते, तिथं हळूच पुसलं. तारपा थांबला. सगळे धपकन खाली बसले आणि हसत सुटले.

मग रेवलीचं लग्न लागलं. जिवी रडली, पण वाटेत आडवी नाही आली. आणि नवा भात घरात आला तेव्हा रेवली नवऱ्याला घेऊन माहेरी आली. दोघी बहिणी चुलीपाशी गप्पा मारत बसल्या. सगळे सुखात राहिले.

चला, आता कूस बदला आणि डोळे मिटा, बाळांनो.