रक्त बघणारे जहागीरदार

जहागीरदार मानसिंगरावांनी दोन विलायती कुत्री विकत आणली आणि त्यांची सात पिढ्यांची वंशावळ चौकटीत घालून सदरेवर टांगली. त्यासाठी थोरल्या जहागीरदारांची तसबीर उतरवावी लागली. पण बड्या लोकांचं असलं खपून जातं.

दसऱ्याला भाऊबंद जमले असताना, कुत्री सांभाळणाऱ्या कोंडाजीच्या पायाशी बाजारातून उचललेली एक लंगडी कुत्री सरकारांना दिसली.

"ही घाण कुठली? अरे, रक्त बघावं! बाहेरून आणलेलं कधी घराचं होत नसतं. हाकल तिला!"

परवा कोठारात नाग निघाला, तेव्हा विलायती जोडी पलंगाखाली दडली होती आणि याच लंगडीने तो अडवला होता. कोंडाजीच्या मस्तकात तिडीक गेली. तरी तो हात जोडून म्हणाला, "हाकलतो, सरकार. फक्त आत्ता बोललात ते वाक्य लिहून खाली शिक्का मारून द्या. दारावर लावतो, म्हणजे पुन्हा कुणी चुकणार नाही."

"त्यात काय! आणा कागद!"

भाऊबंद सावरून बसले. सरकार स्वतः नवव्या वर्षी या घरात दत्तक आले होते, आणि ते दत्तक मोडावं म्हणून हेच भाऊबंद गेली पाच वर्षं कोर्टात भांडत होते.

"लिहा, लिहा," म्हणत थोरल्या चुलत्यांनी मोठ्या प्रेमाने स्वतः दौत पुढे सरकवली.

सरकारांचा टाक हवेतच थांबला. पडेल आवाजात ते म्हणाले, "कोंडाजी, तिला दूध पाज."

"कुठं पाजू, सरकार? बाहेर की घरात?"

"घरात!" सरकार सगळ्या भाऊबंदांना ऐकू जाईल असे ओरडले.