फेकलेली नाचणी

नकाशे नव्हते, पण व्यापाराच्या वाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

एक डोंगरी राज्य होतं. तिथे फक्त वेलदोडा पिके. खाली समुद्रकाठच्या राज्यात भात पिके. एक माप वेलदोडा दिला की वीस मापं तांदूळ मिळे. पूर्वी डोंगरावर नाचणीही होई. पण पंचांना तिची लाज वाटली. "काळी भाकर बघून पाहुणे हसतात," म्हणाले, आणि सगळं बियाणं कोंबड्यांपुढे टाकलं.

एका वर्षी तांदूळ आणायला गेलेले बैल रिकामे परतले. घाटाखालचा नाका बंद झाल्याचं त्यांना वाटेतच कळलं होतं. घरोघर वेलदोड्याचा घमघमाट, आणि चुलीवर नुसतं पाणी.

पंच पारावर बसले. थोरला पंच म्हणाला, "भाव वाढवायचा डाव आहे त्यांचा. आपणही वेलदोडा रोखू. येतील रडत."

बैल हाकणाऱ्या एका तरुणीने विचारलं, "पण आजोबा, तिकडे झालंय काय?"

"तुला कशाला चौकशा? आपल्याकडे पाऊस वेळेवर झालाय."

"मग ताट रिकामं का?"

"मोठ्यांना उलटं विचारू नये!"

उत्तर नसलं की म्हातारे वय पुढे करतात.

तिची धाकटी बहीण तीन दिवस उपाशी होती. तरुणीने बैल सोडला आणि त्याला घेऊन ती घाट उतरली.

खाली शेतंच नव्हती. वादळात समुद्र आत शिरला होता. चिखलावर मिठाचा पांढरा थर होता. नाक्याजवळ एक बाई भाकरी थापत होती.

"नाका का बंद केलात, मावशी?"

"आमच्याच पोरांना पुरत नाही, बाई. तुमचा वेलदोडा आहे की पोतंभर. चावून बघ, पोट भरतंय का!"

दोघी हसल्या. दोघी उपाशी होत्या.

तरुणीचं लक्ष भाकरीकडे गेलं. काळी होती. "ही कुठली?"

"तुमचीच. तुमच्याकडची एक लेक आमच्यात नांदायला आली, तेव्हा तिच्या ओटीत हे बियाणं होतं. तिच्या नावाने दरवर्षी टेकाडावर पेरतो. तिथवर समुद्र पोचला नाही."

"तुमच्याच लेकीचं बियाणं, तुम्हाला नाही कसं म्हणू?" म्हणत बाईने नाचणीचं एक पोतं दिलं. तरुणीने घरी येऊन अर्धं दळलं, अर्धं बियाण्याला ठेवलं. पहिला घास बहिणीने खाल्ला. मग थोरल्या पंचाने हात पुढे केला.

"आधी चुकलो म्हणा, आजोबा."

तो म्हणाला. पुटपुटला, पण म्हणाला.

कंदमुळं खाऊन डोंगराने ते वर्ष काढलं. पुढच्या सुगीला निम्मी नाचणी समुद्रकाठी गेली, कारण तिथली जमीन अजून खारटच होती. तीन पावसाळ्यांनी तिथे पुन्हा भात डोलला. तेव्हापासून नाक्यावर भाव नंतर ठरतो, आधी विचारतात, "तुमच्याकडचं आभाळ कसं आहे?"

बोध: ज्याच्या शेतावर आपलं ताट भरतं त्याच्या आभाळाची खबर ठेवावी, आणि घरचं बियाणं लाजेपोटी फेकू नये.